नाव ठेवायचं राहिलं

मी आयुष्यभर नावं ठेवत आले. शेजारणीच्या आमटीला, जावेच्या साड्यांना, लग्नातल्या मठ्ठ्याला. माझ्या जिभेच्या तावडीतून कुणी सुटत नाही, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे आणि मलाही. पण खरोखर नाव ठेवायची वेळ माझ्यावर एकदाच आली, आणि ती मी माझ्या हाताने घालवली. कशी, ते सुबोध आणि गार्गी सोडून आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी शैला. पुण्यात एका शाळेच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं क्लार्क आहे. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव जनरल रजिस्टरमध्ये मी लिहिते. एकदा तिथे चढलेलं नाव बदलायचं म्हणजे थेट गॅझेटपर्यंत धावाधाव. म्हणून मी आईबापांना दोनदा विचारते, ऱ्हस्व का दीर्घ, आणि मगच पेन टेकवते. इतक्या वर्षांत मला एक गुर्मी आली होती, की नावाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायची गरज नाही.

सुबोध माझा धाकटा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आमच्या दोघांच्या मधे आईची दोन बाळं गेली, दोन्ही महिन्याच्या आत. म्हणून सुबोधच्या बारशाला आमच्या मधुमतीआत्याने त्याच्या कानात 'सुबोध' म्हटलंच नाही. 'धोंडू' म्हटलं. मूल टिकत नसलं की असं नाव ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. दगड म्हटल्यावर त्याला कोण उचलून नेणार, असा त्यातला हिशेब. आत्या पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' करते तेव्हा बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. मी अकरा वर्षांची, मला चेव आला. मी असा काही धपाटा घातला की आत्या नाव अर्धंच टाकून उठली, "मेले, पाठ मोडलीस की माझी!" म्हणाली, आणि पुन्हा वाकून तिने नाव पूर्ण केलं. सगळ्या बायका हसल्या. आई हसली नाही. ती पाळण्याची दोरी घट्ट धरून बसली होती.

सुबोध जगला. सातवीपर्यंत घरात धोंड्या होता, मग त्याला लाज वाटायला लागली आणि आम्ही ते नाव सोडलं. पुढे शिकला, सिंगापूरला गेला. ऑफिस बुओना व्हिस्टाला, भाड्याचा फ्लॅट सेंगकांगला. लग्न उशिरा झालं. त्याच्या बायकोची, गार्गीची, दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी सहावा महिना लागला तेव्हा त्याचा फोन आला.

"ताई, नाव तूच ठेवायचंस."

"मग काय शेजारी ठेवणार आहेत?"

"पाळण्यातलं नाव... धोंडू ठेवायचं का गं? आईने ठेवलं तसं."

मी हसले. "शिकलेली माणसं ना तुम्ही? सिंगापुरात धोंडू? उद्या त्याच्या वर्गातली मुलं विचारतील, धोंडू मीन्स व्हॉट?"

मग तोही हसला. पण ते हसू जरा उशिरा आलं, आणि ते मला कळलं होतं. मी विषय बदलला.

बाळ तेरा आठवडे आधी जन्माला आलं. मुलगा. नऊशे चाळीस ग्रॅम. मी रजा टाकली आणि तिसऱ्या दिवशी सिंगापूरला पोचले. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, एक झबलं आणि कुंकवाच्या डबीत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी. स्वाती नक्षत्राचा पहिला चरण, अक्षर रू. विमानात बसायच्या आधी मी पंचांग पाहून नाव ठरवलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. विमानात शेजारच्या बाईने विचारलं, तिलासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी गार्गी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. चेहरा सुजलेला, केस न विंचरलेले. मी डोक्याला तेल लावत होते तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमचं नाव ठरलंय ना? आम्हा दोघांनाच सांगा ना. मी त्याच्याशी बोलते, त्याच्या पेटीच्या काचेला तोंड लावून. नुसतं बाळ बाळ म्हणते. त्या खोलीत अकरा बाळं आहेत. मी बाळ म्हटलं तर त्याला कसं कळणार की त्यालाच म्हणतेय?"

"बाराव्या दिवशी."

"पण ताई..."

"आधी फोडलं तर मग बारसं कशाला? नऊच दिवस राहिलेत. काही होत नाही त्याला."

मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे वळण तिला तिच्या आईने लावलंय, त्याचा फायदा मी घेतला. खरं सांगायचं तर त्यात रीत निम्मी होती आणि माझा तोरा निम्मा. त्या घरात, त्या देशात मला दुसरं काय येत होतं? दुधाच्या बाटल्यांवर लेबलं लावायची, त्या गार पिशवीत ठेवायच्या, एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, हॉस्पिटलला न्यायच्या, यंत्रावरचे आकडे वाचायचे, सगळं त्या दोघांना येत होतं. माझ्याकडे एक नाव तेवढं होतं. ते मी मुठीत धरून बसले.

हॉस्पिटलात आत फक्त आईबाप. बाकीच्यांनी काचेपलीकडून बघायचं. माझ्यासाठी सुबोधने विनवण्या करून एक दिवस दहा मिनिटं मागून घेतली होती, दहाव्या दिवसाची. आणि बाराव्या दिवशी दोन मिनिटं, कानात नाव सांगण्यापुरती. ही परवानगी मिळवून दिली ती आमच्या बाळाकडे असणाऱ्या नर्सने. उंच, सावळा, चाळिशीचा माणूस, तोंडावर कायम मास्क. आपल्याकडे पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात तसं सुबोध आणि गार्गी त्याला ब्रदरच म्हणत. "ब्रदर म्हणाले आज त्याला दूध पचलं." "ब्रदरनी त्याची कूस बदलली." ब्रदरलाही पहिल्या दिवशी नाव हवं होतं. बाराव्या दिवसाशिवाय आत्या सांगत नाही हे ऐकून तो तिथल्या ढंगात, शेवटी 'आ' लावून, म्हणाला होता म्हणे, "वा, सो सस्पेन्स आ, युवर आंटी!"

नवव्या दिवशी मी काचेपाशी उभी होते. आत बाळाला उजेड लागू नये म्हणून त्या काचेच्या पेटीवर, इन्क्युबेटरवर, गोधडीसारखं जाड आवरण घातलेलं असतं. ते खाली एका कोपऱ्यात दुमडलं गेलं होतं आणि तिथे आकड्याला लटकवलेलं एक कार्ड अर्धंमुर्धं दिसत होतं. खाली रंगीत पेनाने काढलेला हत्ती, सोंड वर केलेला. आणि हत्तीच्या वर मोठ्या, रंगवलेल्या अक्षरांत एक शब्द. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. डन्स्टन.

बाळाच्या उशाशी, बाळाच्या पेटीवर, नाव!

मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि फोनवर ते नाव शोधलं. मला सवयच आहे, शाळेत एखादं नवीन नाव आलं की मी अर्थ बघते. इंग्रजांचं फार जुनं नाव निघालं, हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं. त्यांच्या जुन्या भाषेतले दोन शब्द, डन म्हणजे काळपट आणि स्टान म्हणजे दगड. काळा दगड. या नावाचा एक साधू होऊन गेला. पुढे तो मोठा धर्मगुरू झाला, पण हाताने सोनारकाम, लोहारकाम करायचा, घंटा ओतायचा. सैतान छळायला आला तेव्हा त्याने तापलेल्या सांडशीत त्याचं नाक धरलं, अशी गोष्ट सांगतात. लहानपणी तो जिवावरच्या दुखण्यातून उठला होता असंही सांगतात. त्याच्यावरून कितीतरी पिढ्या मुलांना हे नाव ठेवत राहिल्या, मग ते मागे पडलं, आणि दीड-दोनशे वर्षांपूर्वी लोकांनी ते पुन्हा बाहेर काढलं.

मी हे सगळं वाचलं खरं, पण माझं डोकं 'दगड' या शब्दापाशीच भडकलं होतं. दगड! म्हणजे धोंडूच की! मी फोनवर नाही म्हटलं, तर या शहाण्याने तोच धोंडू कोट-टाय घालून आणला. इथल्या शाळेत चालेल, साहेबाला म्हणता येईल, आणि आईची पद्धतही पाळल्यासारखी होईल. आणि आत्याला काही कळायचं नाही, ती बिचारी बाराव्या दिवशी तिची चिठ्ठी वाचून दाखवील आणि सगळे टाळ्या वाजवतील. गार्गीचा तो दीनवाणा चेहरा आठवला आणि आणखीच राग आला. मला म्हणे नाव सांगा! नाव तर ठेवून मोकळे झाले होते.

विचारलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. पण मी विचारणारी नाही, अबोला धरणारी आहे. त्या दिवशी घरी मी जेवायला वाढलं आणि काही बोलले नाही. सुबोधने दोनदा विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय." त्या दोघांत माझी समजूत काढण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. तेही मला अपमानासारखंच वाटलं.

दहाव्या दिवशी माझी दहा मिनिटं आली. हात कोपरापर्यंत धुतले, वरून झगा घातला. ब्रदर म्हणाला, "आंटी, टेन मिनिट्स ओन्ली आ. बट यू कॅन टच, नो प्रॉब्लेम." आणि त्याने पेटीची ती गोल खिडकी मला दाखवली. तेवढ्यात पलीकडच्या पेटीचं यंत्र वाजायला लागलं म्हणून तो तिकडे गेला. गार्गी पाठमोरी, बाटलीवर तारीख घालत होती.

बाळ माझ्या पंज्याएवढं होतं. डोक्यावर विणलेली टोपी, नाकात नळी, तांबूस काळं अंग. एक हात दुपट्यावर उताणा पडला होता, बोटं उघडी. मी ते बघितलं आणि माझी नजर कार्डावर गेली. आवरणाच्या आत हात घालून मी ते आकड्यावरून काढलं, दुमडलं आणि झग्याच्या आतून पर्समध्ये सरकवलं. माझ्या मनात सगळं ठरलं होतं. बाराव्या दिवशी मी खरं नाव सांगणार आणि मग हे कार्ड दोघांपुढे टाकून विचारणार, हे काय आहे?

कार्ड चोरताना कुणी बघतंय का यातच माझा वेळ गेला. त्या उघड्या बोटांत माझं बोट द्यायचं राहून गेलं. वेळ संपली तेव्हा मी म्हटलं, आता परवा.

अकराव्या दिवशी मी गुडघा दुखतो म्हणून घरी राहिले. काचेतूनसुद्धा बघायला गेले नाही. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते, ते निवडत बसले. सव्वाबाराला सुबोधचा फोन आला. म्हणाला, "ताई, ये," आणि फोन ठेवला.

सेंगकांगच्या त्या छोट्या एलआरटी गाडीला चालक नसतो, डबा आपला आपण चालतो. पहिल्या दिवशी मला त्याची गंमत वाटली होती. त्या दिवशी वाटलं, पुढे कुणीतरी माणूस हवा होता, ज्याला ओरडून सांगता आलं असतं की जोरात चालव. पुढे एमआरटी, मग चालत. मी पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. बाळ एक वीसला गेलं होतं. पहाटे आतड्यात जंतुसंसर्ग झाला, इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांना होतो, दुपारपर्यंत सगळं अंग थकलं. नंतर मला हे नीट समजावून सांगण्यात आलं आणि मला ते समजलं.

त्यांना एक छोटी खोली दिली होती. सोफा, दिवा, टिश्यूचा डबा. गार्गीच्या मांडीवर बाळ होतं, आता नळ्या नव्हत्या. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याचा सबंध चेहरा दिसत होता. सुबोधचं नाक. मी दाराशीच थबकले, मग सोफ्याच्या टोकाला जाऊन बसले.

ब्रदर आत आला. त्याने मास्क काढला होता. मी पहिल्यांदाच त्याचं तोंड बघितलं, डोळे लाल झाले होते. त्याच्या हातात पुठ्ठ्याची पेटी होती. त्यात टोपी, हातापायांचे शाईचे ठसे, मनगटाची पट्टी. तो गार्गीपुढे गुडघ्यावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला की एक गोष्ट सापडत नाहीये. त्याने बाळासाठी केलेलं कार्ड. सगळीकडे शोधलं. सॉरी, सो सॉरी.

गार्गी इतका वेळ रडत नव्हती. त्या शब्दावर ती रडली.

"ते हवं होतं हो मला," ती सुबोधला म्हणत राहिली. "ब्रदर रोज लिहायचे ना त्याच्यावर. त्याचं सगळं त्याच्यावरच आहे. ते कसं हरवेल? पेटीवरचं कार्ड कसं हरवेल?"

ब्रदर उठताना वाकला आणि त्याच्या गळ्यातला बिल्ला, जो एरवी नेहमी उलटा असायचा, फिरून सरळ झाला. त्यावर त्याचा फोटो होता. फोटोखाली नाव होतं. डन्स्टन.

माझी पर्स माझ्या मांडीवर होती. मी ती दोन्ही हातांनी धरली. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी जीभ, जी कुणाचं ऐकत नाही, ती टाळ्याला चिकटली. मी भित्री आहे हे मला बावन्नाव्या वर्षी त्या सोफ्यावर कळलं.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लोटून ते कार्ड काढलं. वरची ओळ, जी आवरणाखाली दडली होती, ती आता दिसत होती. हाय, माय नर्स इज. आणि खाली डन्स्टन, आणि हत्ती. म्हणजे नाव त्याने स्वतःचं लिहिलं होतं, बाळाचं नाव अजून नाही म्हणून हत्ती काढला होता. मग मी कार्ड उलटलं. मागे निळ्या पेनाने बारीक अक्षरांत एकेका दिवसाची एकेक ओळ होती. इंग्रजीत होती, त्यातल्या काही मी मराठीत सांगते.

दुसरा दिवस, ९४० ग्रॅम. हॅलो.

चौथा दिवस, ९०५. फार रागीट. दोनदा मोजे काढून टाकले.

सहावा दिवस, ९१०. आईचं बोट धरलं. चार मिनिटं, मी घड्याळ लावलं.

आठवा दिवस, ९२०. बाबांच्या आवाजाला डोळे उघडले.

दहावा दिवस, ९३५. आज आंटी येणार.

आणि अगदी तळाशी पट्टीने आखलेली एक रेघ. नाव, मग रिकामी जागा, मग कंसात, बारावा दिवस, आंटी सांगतील.

मी ओट्याला टेकून खाली बसले. पातेल्यात हरभरे फुगून वर आले होते. कार्डाने कुणाचा जीव राहत नाही, हे मला कळतं. मी अडाणी नाही. पण योगायोगाने का होईना, नऊ दिवस त्या पोराच्या उशाशी एक दगड लावलेला होता. माझ्या आईने मुद्दाम लावला असता तोच. तो मी उचलून पर्समध्ये टाकला, आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं. हे माझ्या डोक्यातून कुणीही काढू शकत नाही, डॉक्टर नाही, देव नाही. आणि माझं स्वतःचं नाव काय? शैला. शिळेच्या कुळातलंच ते. मी मात्र बावन्न वर्षं ठणठणीत.

त्याहून मोठा गुन्हा दुसराच होता, आणि त्याला योगायोगाचा आडोसा नव्हता. गार्गीने नाव मागितलं होतं. अकरा बाळांत तिला तिच्या बाळाला हाक मारायची होती. मी ती मारू दिली नाही. ते नाव माझ्या जिभेवर तयार होतं आणि बाळ त्याची आई ज्या नावाने हाक मारील ते नाव न ऐकता गेलं.

दुसरा दिवस बारावा. सकाळी हॉस्पिटलने त्याच खोलीत अर्धा तास दिला होता, मग चोआ चू कांगच्या दफनभूमीत न्यायचं होतं. दात न आलेल्या बाळाला आपल्यात पुरतात. सुबोधच्या हातात फॉर्म होता. नावाचा रकाना कोरा होता.

"नाव नाही दिलं तरी चालतं म्हणाले," तो म्हणाला. "बेबी ऑफ गार्गी असं राहील."

मी सत्तावीस वर्षं रकाने भरलेत. कोरा रकाना मला बघवत नाही. पण आधी मला दुसरं काम होतं. मी पर्स उघडली आणि कार्ड गार्गीच्या हातात ठेवलं.

"हे माझ्याकडे होतं. परवा मी काढलं."

तिने आधी कार्ड बघितलं, मग मला. मी सगळं सांगितलं. काचेतून काय दिसलं, मी फोनवर काय वाचलं, मला काय वाटलं, का बोलले नाही, काल का बोलले नाही. काहीही गाळलं नाही. सांगताना माझा आवाज रजिस्टर वाचल्यासारखा येत होता.

गार्गीने कार्ड उलटून मागच्या ओळी वाचल्या. सावकाश. चार मिनिटांवर तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"तुम्हाला वाटलं आम्ही तुम्हाला डावलून नाव ठेवलं."

"हो."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

सुबोध खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो वळलाच नाही. म्हणाला, "ताई, मला धोंडू ठेवायचाच होता. पण मी तुलाच विचारलं ना? तुझ्याशिवाय मी त्याचं नाव कुणाकडून ठेवून घेतलं असतं?"

त्याने आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं.

बाहेरून कुणीतरी दारावर हळूच टकटक केली. वेळ होत आली होती. गार्गीने कार्ड मांडीवर ठेवलं आणि त्यावरची ती आखलेली रेघ माझ्याकडे केली. "आज बारावा दिवस आहे," ती म्हणाली. "सांगा नाव."

"कागदावर रुचिर लिही," मी सुबोधला म्हटलं. "रू नाही, रु. ऱ्हस्व. त्या कार्डावरही तेच लिही." अकरा दिवस दडवून ठेवलेलं ते नाव तोंडातून बाहेर पडलं आणि इतकं साधं वाटलं, की यासाठी मी काय मिळवलं हेच मला कळेना. गार्गीने ते दोनदा म्हणून बघितलं. रुचिर. रुचिर. मग त्याच्या कपाळाशी तोंड नेऊन तिसऱ्यांदा, हाक मारल्यासारखं. मला बघवलं नाही.

"कानातलं वेगळं आहे," मी म्हटलं.

सुबोध वळला. त्याला कळलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले.

पाळणा नव्हता, गार्गीची मांडी होती. घुगऱ्या नव्हत्या, सुंठवडा नव्हता, आणि पाठीत धपाटे घालायला बायका नव्हत्या. खोलीत बाई म्हणून एक ती होती आणि एक मी. मी टोपी जरा वर सरकवली. कान माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता आणि गार होता. मी वाकले आणि 'कुर्रर्र' म्हटलं. मग मी म्हटलं, "धों..."

पाठीत धपाटा बसला. चांगला सणसणीत, माझा श्वास अडकला आणि नाव अर्धंच राहिलं. मग दुसरा. त्यात रीत किती होती आणि राग किती, ते मी तिला कधी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. माझ्या वाटणीचे होते ते. तिसऱ्या वेळी हात जोरात आला, पण पाठीवर पडल्यावर उचलला गेला नाही. तो तिथेच राहिला.

मी पुन्हा वाकले आणि नाव पूर्ण सांगितलं.